जुलैतला लसूण

मोबाइल मैदानावर आणायचा नाही, असा त्या एस्टोनियन क्लबचा नियम होता. सरावाआधी सगळ्यांचे फोन एका डब्यात जायचे. मार्चमधल्या त्या सकाळी व्यवस्थापक माझा फोन हातात धरून थेट मैदानात आला, तेव्हा काहीतरी वाईट घडलंय हे माझ्याखेरीज सगळ्यांना कळलं. मी म्हणालो, "दंड कोण भरणार, तू की मी?" त्याने फोन माझ्या हातात दिला.

फोनवर गावाकडच्या शेजारीण ब्रोने मावशी होत्या. माझी बायको स्किरमान्ते स्वयंपाकघरात पडली होती. मेंदूत रक्तस्राव. रुग्णवाहिका यायच्या आधीच ती गेली होती.

मी बास्केटबॉल खेळून पोट भरलं, नाव झालं नाही. कुठल्या संघाचा उंच खेळाडू जखमी झाला की माझा एजंट फोन करायचा, आणि आम्ही दोघं सामान गाडीत घालून निघायचो. पोलंड, लाटविया, रोमेनिया, फिनलंड. बास्केटखाली धक्के खायचे, परत आलेला चेंडू पकडायचा आणि नेम चांगला असलेल्याच्या हातात द्यायचा, एवढं माझं काम. मे महिन्यात मोसम संपला की क्लबचं घर रिकामं करून द्यायचं.

स्किरमान्ते प्रत्येक गावी ऑक्टोबरात लसूण लावायची. इमारतीमागे, एकदा तर क्लबच्या हॉलच्या भिंतीलगत. तो हिवाळाभर बर्फाखाली राहतो आणि जुलैत निघतो. जुलैत आम्ही तिथे कधीच नसायचो.

पोलंडमध्ये संघातला एकजण तिला म्हणाला, "काय वहिनी, याच्या जागी येणाऱ्यासाठी आत्तापासून लसूण?"

"हो," ती पाकळी मातीत दाबत म्हणाली. "तो निदान उडी तरी मारेल."

पण दर मे महिन्यात गाडीत बसताना ती म्हणायची, "एकदा तरी मी लावलेला लसूण मीच काढणार, लांब्या. तेवढं तुझ्याकडून घेणारच आहे."

गेल्या शरदात मी खेळ सोडला. मायदेशी परतून रोकिश्किस गावाजवळ घर घेतलं. तिने घरामागचा अख्खा वाफा लसणाने भरला. फेब्रुवारीत एजंटचा फोन आला. एस्टोनियातल्या कुणाचं तरी बोट मोडलं होतं. मी फोनवर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं. ती बटाटे सोलत होती.

"जा की. मे महिन्यापर्यंतच ना? लसूण जुलैत आहे. त्याआधी तुला हाकलतीलच."

तिला पुरल्यावर मी उरलेले सामने खेळायला परत गेलो, करार होता म्हणून. मे महिन्यात आलो तेव्हा लसणाची पात पोटरीएवढी झाली होती. जूनमध्ये ब्रोने मावशी न विचारता वाफ्यात शिरल्या, लसणाला आलेले फुलांचे कोवळे दांडे मोडून घेऊन गेल्या आणि अंड्यांबरोबर परतून मला आणून दिले. मी खाल्ले.

आता खालची पानं पिवळी पडली आहेत. मावशी रोज कुंपणाशी येतात.

"वाईदोतास, वाट कोणाची बघतोस? गड्डे फुटले की सुट्या पाकळ्या वेचत बसशील."

"उद्या काढतो, मावशी."

"कालही उद्याच होतं. मी काढू?"

"नको." माझा आवाज चढला. त्या कुंपणापासून हलल्या नाहीत.

"बरं, नाही काढत. ओरडतोस कशाला, घोड्या?" म्हणाल्या, आणि आपलं दात्यांचं फावडं कुंपणाला टेकवून घरात गेल्या.

काल एजंटचा फोन आला. फिनलंडमध्ये पुन्हा जागा आहे, सराव ऑगस्टपासून. मी म्हणालो, लसूण काढायचाय. तो हसला. "मग काढ आणि ये. त्याला किती वेळ लागतो?"

खरं तर एका सकाळचं काम आहे. फावडं अजून कुंपणालाच टेकलेलं आहे. फिनलंडला मी काही कळवलेलं नाही. लसूण जमिनीतच आहे.