सुनेच्या हातची पोळी

नवरा कॅन्सरने गेल्यावर सत्यशीलाबाई आरमोरीजवळचं गाव सोडून चंद्रपूरला मुलाकडे राहायला आल्या आणि तेव्हापासून त्यांचं पोट बिघडलं ते बिघडलंच. मुलगा प्रफुल वीज केंद्रात नोकरीला, सून नूतन शाळेत शिक्षिका. नूतनचा सासूवर जीव होता. जन्मभर चिखलात वाकून धानाची रोवणी केलेल्या बाईला आता तरी सुखाचा घास मिळावा म्हणून ती रोज तूप लावून मऊ पोळ्या करी. सकाळी रव्याचा उपमा, रविवारी शिरा. आणि सासूबाई मात्र वाळत चालल्या. जेवल्या की पोट नगाऱ्यासारखं फुगे, मग संडासाच्या फेऱ्या. चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस राहिला नाही.

डॉक्टर बरेच झाले. एकाने जंतांचं औषध दिलं, दुसऱ्याने अ‍ॅसिडिटीचं, तिसऱ्याने नवरा गेल्याचं मनाला लावून घेतलंय म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. लोहाच्या गोळ्यांनी तोंडाची चव गेली, पण रक्त काही वाढेना.

धानकापणीच्या दिवसांत नणंद सरिता आईला आरमोरीला घेऊन गेली. तिच्याकडे दोन्ही वेळा भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी. पाहता पाहता सत्यशीलाबाई सावरल्या, बांधावर चालत जाऊ लागल्या. दोनेक महिन्यांनी सरिता त्यांना परत सोडायला आली, पण पाणीसुद्धा प्यायली नाही. शेजारच्या रुखमाबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्यासमोरच ती नूतनला म्हणाली, "माह्या इथी बरी रायते, तुह्या इथी आली का वाळते. काय खाऊ घालून राह्यली तू माह्या मायले?"

प्रफुल "ताई, जरा दमानं घे" एवढंच पुटपुटला. नूतन आत गेली आणि ओट्याला धरून रडली. सरिताच्या बोलण्यापेक्षा तिला दुसरंच डाचत होतं. आपल्याच हाताला काही दोष आहे का, हा विचार तिच्याही मनात येऊन गेला होता.

पुढच्याच आठवड्यात तिने रजा टाकली आणि सासूला घेऊन नागपूरला पोटाच्या विकारांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी सगळे रिपोर्ट पाहिले, पोट चाचपलं, आणि त्रास कधी वाढतो, कधी कमी होतो असं विचारलं. नूतन आधी घुटमळली. मग सगळंच सांगून बसली, नणंदेच्या बोलण्यासकट.

"तुमच्या नणंदबाई बरोबर बोलल्या," डॉक्टर म्हणाल्या.

नूतनचा चेहरा पडला.

"तसं नाही हो. दोष तुमचा नाही. पण तुमच्या घरात असं काहीतरी आहे जे त्यांच्या घरात नाही. तिकडे काय खातात?"

"भात."

"आणि तुमच्याकडे?"

"पोळी," नूतन म्हणाली आणि तिथेच थांबली.

डॉक्टरांनी समजावलं. काहींच्या आतड्याला गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही. आतलं अस्तर झिजतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्तही वाढत नाही. सिलिअ‍ॅक म्हणतात या आजाराला. सत्यशीलाबाई एकदम म्हणाल्या, "हाव मॅडम! लग्नातल्या पुऱ्या खाल्ल्या का मी दोन दिवस उठत नव्हती. आमी आपले तेलाले नावं ठेवत होतो."

"पण हा अजून माझा अंदाज आहे," डॉक्टर म्हणाल्या, "आणि तपासणी आज करून उपयोग नाही. मधले दोन महिने पोटात गहू नव्हता, रिपोर्ट फसवा येईल. आता काही आठवडे त्यांनी रोज पोळी खायची, मग रक्त तपासू. त्रास फार झाला तर लगेच फोन करा."

म्हणजे ज्या पोळीने सासू आजारी पडते असं आता वाटत होतं, तीच पोळी जाणूनबुजून तिच्या ताटात वाढायची.

सरिताला फोनवर कळलं तशी ती दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या बसने येऊन थडकली. "मारता का तिले आता? मी तिले घेऊन चालली."

"मी कुठी जात नाई," सत्यशीलाबाई खाटेवरून म्हणाल्या. "एक डाव माहीत तं होऊ दे मले काय झालं ते. पोळी मी खाईन."

सरिता पहारा करायलाच राहिली. चार-पाच दिवसांत पोट पुन्हा फुगलं, रात्रंदिवस फेऱ्या सुरू झाल्या. डॉक्टर रोज फोनवर विचारपूस करत आणि थोडं रेटा म्हणत. एका सकाळी सत्यशीलाबाई संडासातून भिंत धरत बाहेर आल्या. ते पाहून नूतनने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"माझ्यानं नाही होत बाई," ती सरिताला म्हणाली. "रोज मीच वाढते अन् मीच पाहते."

सरिताने पदर खोचला, लाटणं उचललं आणि पोळी लाटायला घेतली. तिची पोळी वाकडीतिकडी झाली. "आजपासून मी करतो," ती म्हणाली. "तू मायजवळ बस." तापलेल्या तव्यासमोर ती डोळे पुसत होती, ते नूतनने पाहिलं.

ठरलेले आठवडे संपल्यावर रक्त तपासलं, रिपोर्टही तेच सांगत होता; मग खात्रीसाठी नागपूरला दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा काढला. निकाल ऐकायला तिघी गेल्या.

"सिलिअ‍ॅकच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "गहू, रवा, मैदा आणि जव आजपासून कायमचे बंद. भात खा, ज्वारीची भाकर खा. आतडं हळूहळू भरून येईल."

"म्हणजे कॅन्सर नाई?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"नाही हो."

"ह्यायले झालता तोच मले झाला समजून बसली होती मी. पोरायले बोलली नाई." आणि त्या हसल्या, पदराने तोंड झाकून, लग्नघरात हसावं तशा. नूतन आणि सरिता दोघींनी एकाच वेळी त्यांचा हात धरला. बाहेर आल्यावर सरिता नूतनला म्हणाली, "रुखमाबाईसमोर बोलली होती ना मी? तिच्याच दारात जाऊन सांगतो, चूक माही होती." आणि तिने खरंच सांगितलं, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

पावसाळा लागेपर्यंत सत्यशीलाबाईंच्या गालांवर मांस आलं. त्या स्वतः बाजारात जाऊन ज्वारी निवडून आणू लागल्या. नूतन शाळेतून येईपर्यंत त्यांनी भात शिजवून ठेवलेला असायचा.

एका दुपारी आरमोरीहून सरिताचा फोन आला. आवाज चढलेला.

"नूतन, हिंगातई मैदा रायते म्हणते! डबी पाहली का तू? मायले फोडणी काहाची देऊन राह्यली?"

"पाहिली बाई, केव्हाच फेकली," नूतन म्हणाली आणि खुर्चीवर बसून पोट धरून हसत सुटली.