न संपणाऱ्या पाळीची यादी

मित्रांनो, मी एक जुनी यादी आहे. वय अवघं तीन वर्षं, पण संगणकात एवढ्यात म्हातारपण येतं. मुरबाडजवळच्या आमच्या पाड्यात बावीस घरं. सगळ्यांची गुरं रोज एकेका घराने राखायची, अशी इथली रीत. संजीवनी कल्याणला प्रोग्रॅमिंग शिकली आणि त्या पाळीसाठी तिने मला लिहिलं.

तिने माझ्यात नावांची रांग भरली नाही. फक्त नियम सांगितला: बाविसावं घर झालं की पुन्हा पहिलं. म्हणजे मला शेवटच नाही. कोणी विचारलं की मी पुढचं एक नाव काढते, जपून ठेवते आणि थांबते. त्यापुढचं कोणी मागेपर्यंत काढतच नाही. म्हणून तर समाजमंदिरातल्या त्या जुनाट संगणकात मी मावले. लोक इतके विसंबले की घरांचा क्रमही विसरले. कौतुक मात्र त्या डबड्याचं झालं.

मग पाड्यातलाच ओमकार आला. वाशिंदच्या कारखान्यात सुपरवायझर, अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. संजीवनीला फोन करून म्हणाला, "तुझी यादी आळशी हाय. सगळी लिस्ट एकदाच काढतो, टाइम वाचंल."

"अरे, तिला शेवट नाय," ती म्हणाली.

शहाण्याने तरीही शेवटपर्यंतची नावं मागितली. मी काढत राहिले, जपत राहिले. संगणकाची सगळी जागा भरली आणि संगणक बंद पडला. ओमकार घरी जाऊन झोपला.

सकाळी बावीसही घरांनी सवयीप्रमाणे गुरं गोठणीवर, म्हणजे गुरं जमायच्या माळावर, सोडली. राखणारा येईल, असं प्रत्येकाला वाटलं. पण बंद संगणकामुळे आजची पाळी कोणाची ते कळलंच नव्हतं, म्हणून कोणीच आलं नाही. गुरं सकुबाईच्या भातात शिरली. त्या दहा गुंठ्यांवर तिचं वर्षभराचं पोट होतं. अर्धं भात गेलं. मला फार वाईट वाटलं.

सकुबाईने ओमकारला समाजमंदिरात गाठलं. "तुला जन्माच्या पाळ्या कशाला पायजे होत्या रे? मला आजचा एक मानूस पायजे होता."

दुपारी संजीवनी आली. तिने संगणक पुन्हा सुरू केला आणि फक्त आजचं नाव मागितलं. मी लगेच दिलं. पाळी ओमकारच्याच घराची होती.

मित्रांनो, मला खुशाल आळशी म्हणा. पण लागेल तेवढंच मागा. सगळं एकदम मागणाऱ्याला मी त्याचं स्वतःचं नावसुद्धा सांगू शकत नाही.