होड्यांच्या मैदानावरची माणसं

दुबईतल्या एका अमेरिकन तेल कंपनीत १९६८ साली नूरुद्दीन क्लार्क म्हणून कामाला होता. दाभोळचा, तिशीतला, इंग्रजी चांगलं. त्यामुळे कंपनीच्या बेसबॉल टीमचं काम त्याच्याच गळ्यात पडलं होतं. शुक्रवारी किती लोक खेळ बघायला आले, त्याचा रिपोर्टही तोच द्यायचा.

टीम दुबईच्या देरा भागात खाडीकाठच्या जुन्या मैदानावर खेळे. मोती काढायला जाणाऱ्या होड्या पूर्वी तिथे वाळूवर ओढून ठेवत. तो धंदा बुडाला, होड्या गेल्या, पण म्हातारे पाणबुडे शुक्रवारी तिथे येऊन बसायचेच, मुला-नातवंडांना घेऊन. तीन-चारशे माणूस सहज जमे. मैदानाची देखभाल कंपनीने वलीचाचांकडे दिली होती. तेही दाभोळचेच. नूरुद्दीन पहिल्यांदा बोटीतून उतरला, तेव्हा सहा महिने त्यांच्या खोलीत राहिला होता.

ती गर्दी बघून कंपनीचा मॅनेजर हॅरिस साहेब खूश झाला. गावाबाहेर टीमसाठी मोठं मैदान करावं, पत्र्याचं छप्पर घालावं, बाकं टाकावीत, असं त्याच्या मनात आलं. त्याने नूरुद्दीनला विचारलं, "हे लोक टीमसाठी येतात, की त्या जागेसाठी?"

नूरुद्दीनला खरं ठाऊक होतं. खेळ रंगात आलेला असतानाही म्हातारे पाण्याकडे बघत कुठली होडी कुठे लागायची ते एकमेकांना सांगत असत. पण हेडक्लार्कची जागा रिकामी होती आणि साहेबाला कुठलं उत्तर हवंय ते दिसत होतं.

"टीमसाठीच, सर," तो म्हणाला.

नवं मैदान झालं. पहिल्या शुक्रवारी कंपनीच्या ट्रकांतून दोनशे लोक आणले. दुसऱ्या खेपेला चाळीस आले. चौथ्या शुक्रवारी अकरा, त्यातले नऊ कंपनीचेच. साहेबाने त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"हे काय झालं?"

नूरुद्दीनच्या तोंडून निघून गेलं, "तो वली लोकांना जुन्या मैदानावर थांबवून घेतो, सर. चहा पाजतो त्यांना."

चहा चाचा पाजत होते, तेवढं खरं होतं. त्याच आठवड्यात त्यांना कामावरून काढलं. महिन्याभरात नूरुद्दीन हेडक्लार्क झाला. कुलसुमने, त्याच्या बायकोने, शेवयांची खीर केली. दोन घास खाऊन त्याने वाटी सरकवली. काय झालं म्हणून तिने विचारलं, तर पोट भरलंय म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी तो जुन्या मैदानावर गेला. खेळ नव्हता, तरी माणसं तेवढीच होती. चाचा स्टोव्हपाशी बसले होते.

"चाचा, तुमचं नाव मी सांगितलं साहेबाला."

"माहीत आहे मला. साहेबाने बोलावून विचारलं, लोकांना तू अडवतोस का? मी हो म्हटलं."

"पण का?"

"नाही म्हटलं असतं, तर तू खोटा ठरला असतास. तुला घर आहे, बायको आहे. माझं काय, मी इथे चहा विकेन."

चाचांनी पुढे केलेला पेला नूरुद्दीनला घेववेना. ते रागावले असते, चार लोकांत बोलले असते, तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "घे, गार होईल."

शनिवारी सकाळी त्याने साहेबाला सगळं सांगितलं. साहेबाने नूरुद्दीनला हेडक्लार्कच्या टेबलावरून उठवून पुन्हा जुन्या जागेवर बसवलं. चाचांना परत बोलावणं गेलं, पण ते आले नाहीत. टीमला जुन्या मैदानावर परत न्यायचं ठरेपर्यंत निम्मे खेळाडू बदली होऊन गेले होते आणि बेसबॉल खलास झाला.

कुलसुमला त्याने त्याच दिवशी खरं सांगितलं. पगार कमी झाल्याचंही सांगितलं. "चाचांना जेवायला बोलावलंस का?" एवढंच तिने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. बोलवायला तोंड कुठलं होतं त्याला?