पडते, असं लिहा

डोळ्यांच्या दवाखान्यात एक ताई कागद घेऊन बसली होती. जन्मापासून काचबिंदू असलेल्या मुलांचं ऑपरेशननंतर कसं चाललंय, याची ती माहिती गोळा करत होती. प्रश्न नऊ वर्षांच्या बबडीबद्दल होते, पण विचारत होती आईला.

"जिन्यावर अडखळते का?"

"छे, मी हात धरते ना!"

"पाणी ओतताना सांडते?"

"मीच ओतून देते."

"पळताना पडते?"

"आजवर एकदाही नाही," आई ऐटीत म्हणाली.

ताईने 'त्रास नाही'वर तिसरी खूण केली आणि बबडीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडणार कुठून? पळू कोण देतंय? शाळेत सगळ्यांनी हुंदडायचं आणि हिने कडेला बसून त्यांच्या पाण्याच्या बाटल्या राखायच्या!

आईच्या मुठीतून हात हिसकावून तिने व्हरांड्यात धूम ठोकली. बाकाची कड तिला दिसलीच नाही. धाडकन आपटली. आई किंचाळत धावली, पण बबडी तिला बाजूला सारून, सोललेल्या गुडघ्यानिशी ताईसमोर जाऊन उभी राहिली.

"पडते, असं लिहा. आणि आता पुढचं मला विचारा."