मागे लागलेलं पिल्लू

पाणी घेऊन टेकडी चढताना मागे वळून पाहिलं, तर नूचं पिल्लू माझ्या मागून येत होतं. नाळ अजून ओली होती.

तोंड गाईचं, शेपूट घोड्याची असली ही रानटी जनावरं. त्यांचे कळप खाली माळावर व्याले की आम्ही गायी टेकडीवरच ठेवतो. पिल्लांच्या नाकातलं पाणी गवताला लागतं, ते गवत खाल्लं की गाईचे डोळे पांढरे पडतात आणि ती मरते. पिल्लांची पिवळट कातडी काळवंडेपर्यंत माळ त्यांचा. माझं दूध आटलंय. पाठीवरचं बाळ आमच्या सांपू गाईवर जगतं. दूध देणारी तेवढी एकच गाय उरलीय.

मी दगड भिरकावला. ते थबकलं, पुन्हा आलं, माझं कापड चाटू लागलं. आई हरवलेलं नूचं पिल्लू जे हलेल त्याच्या मागे जातं.

काटेरी कुंपणाशी सासू उभी होती. तिला मी येयो म्हणते, आई.

"अगं, माझ्या लेकानं तुला एकच दिलं होतं ना? हे दुसरं कुणाचं आणलंस?"

हसता हसता तिला ते नीट दिसलं. "थांब! पुढे येऊ नकोस!"

"येयो, इथंच मारून टाकू?"

"आणि रक्त-लाळ सांडू देऊ? सांपू इथंच चरते. आलीस तशी घेऊन जा."

"बाळाला तरी घ्या."

"तुझं कापड चाटलंय त्यानं. बाळ त्याच कापडात आहे. जा, बाई."

उतरताना ते माझ्या पोटरीला नाक लावत होतं. कळपाजवळ सोडलं, तर एका मादीने हुंगून शिंगाने उडवलं. दुसरीनेही. नू परक्या वासाचं पिल्लू घेत नाही. ते धडपडत उठून पुन्हा माझ्याकडेच आलं.

तेवढ्यात गवतातून तरस उठलं.

मी थिजले. बाळाची मूठ माझ्या मानेवरच्या मण्यांत अडकली होती. ती गरम होती. तरस दोन पावलं चाललं. पिल्लाने कान टवकारले, माझ्याकडे बघितलं, आणि लटपटत त्याच्याकडे निघालं.

मी हलले असते तर पिल्लू माझ्याकडे वळलं असतं. मी हलले नाही.

वर आल्यावर सासूने माझं कापड काढून जाळात टाकलं. दोघांच्या अंगावर पाणी ओतलं.

"गेलं?"

"गेलं."

तिने दुधाने भरलेला पोकळ भोपळा पुढे केला. बाळाने दोन्ही हातांनी धरला.