न पडणारा गोलकीपर

१९७४ साली आमच्या सोलापूरच्या मिलनं परदेशी मागांसाठी परवाना मागितला, आणि मालकांच्या हौसेखातर त्याच अर्जाच्या शेवटी फुटबॉलच्या एका प्रशिक्षकासाठीही. माग आले नाहीत. प्रशिक्षक आला.

मिलोराद स्टॅन्कोव्ह. युगोस्लाव्हियातला सर्ब. बेलग्रेडला डावीकडून खेळायचा. तिशीत गुडघा गेला, आणि गुडघा गेलेल्या फुटबॉलपटूला मॅनेजर म्हणतात. तसा तो पंधरा वर्षांत भारत धरून नऊ देश फिरला होता. साळखात्यातल्या, म्हणजे मागांवरच्या, लोकांनी आठवड्याभरात त्याचा मिलप्पा केला. मी लेबर ऑफिसात कारकून, बी. ए. ला इंग्रजी, म्हणून दुभाषा झालो. त्याचं इंग्रजी मला कळत नसे, माझं त्याला. त्यामुळे आमचं कधी भांडण झालं नाही.

मिलप्पाला बसता येत नसे. रेषेबाहेर येरझाऱ्या घालून घालून त्यानं मोटेच्या बैलांची असते तशी धाव पाडली होती. गेस्ट हाउसमध्ये कपाट रिकामं आणि बॅग कॉटवर उघडी. दाढीचा ब्रशसुद्धा तो बॅगेतून काढी आणि ओलाच परत बॅगेत ठेवी.

कारण विचारलं तेव्हा त्यानं एक पत्र पुढं केलं. मोरावा नदीकाठच्या त्याच्या गावच्या क्लबानं लिहिलं होतं : जागा फेब्रुवारीपर्यंत राखून ठेवू, पण रिकाम्या हातानं आलेला मॅनेजर समिती घेत नाही, कुठला तरी कप आण. त्या गावात त्याची मुलगी होती. तो निघाला तेव्हा दोन वर्षांची, आता सतरा.

"कुठला तरी," पत्रावर बोट आपटत तो म्हणाला. "म्हणजे सोलापूरचाही चालेल."

संघ बरा होता. अडचण गोलकीपरची. चन्नवीर, साळखात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम. हातात आलेला बॉल त्यानं कधी सोडला नाही. पण हातात न येणाऱ्या बॉलसाठी तो पडत नसे. मिलप्पा मराठीतला एकच शब्द शिकला होता आणि दिवसभर तोच ओरडायचा : "पड! पड!"

"न्हाय," चन्नवीर म्हणाला.

मी विचारलं, "का रे?"

"आमच्या घरात सिद्धेश्वराच्या यात्रेत काठी उचलायचा मान हाय की. काठीचा सराव सुरू झाला की यात्रा होईस्तोवर पडायचं न्हाय. आज्यापासनं रीत हाय आमची."

"मग झोपतोस कसा?"

"झोपतो ते सोताहून, सायेब. पडणं येगळं."

हे मी शक्य तेवढं इंग्रजीत सांगितलं. मिलप्पानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला सांधेदुखी आहे?"

दुसरा गोलकीपर पंचाक्षरी, कापडाच्या घडीखात्यातला. तो पडण्यात पटाईत. बॉल येण्याआधी पडे, गेल्यावर पडे. एकदा टॉसच्या वेळीच पडला. त्याला पाहून मिलप्पाचे डोळे भरून येत.

तरी चन्नवीरच्या जिवावर आम्ही सोलापूरच्या कपाच्या फायनलला पोचलो. पाच सामन्यांत दोन गोल खाल्ले, दोन्ही कोपऱ्यातून. संक्रांतीच्या आधीचा रविवार, समोर कोल्हापूरच्या एका तालमीचा संघ. सोलापूरचा गोली पडत नाही ही बातमी तिकडे कधीच पोचली होती. त्यांचा गोल मारणारा बाळासो महिनाभर नुसता कोपऱ्यांतच बॉल मारत होता म्हणे.

शनिवारी संध्याकाळी मी मिलप्पाला काठीचा सराव दाखवायला नेलं. चन्नवीरच्या कमरेला पट्टा, त्यात तीस फुटांची काठी सरळ उभी. वारा सुटला होता. काठी कलली की तो दोन-तीन बारीक पावलं टाकी, आणि काठी जागेवर. मिलप्पा दहा मिनिटं एका जागी उभा राहिला. मी घड्याळात पाहिलं होतं.

"पाय बघ त्याचे," तो पुटपुटला. मग खिशातल्या पत्रावर हात गेला आणि त्याच्या येरझाऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

सकाळी यादीत पंचाक्षरीचं नाव होतं. चन्नवीरला सांगायचं काम अर्थात माझ्याकडे.

"इरली बिडरी," तो कानडीत म्हणाला. राहू द्या. आणि बाकावर ताठ बसला.

सामना शून्य-शून्य. तीन मिनिटं उरली आणि कोल्हापूरला पेनल्टी मिळाली. बाळासो धावत आला. पंचाक्षरी रिवाजाप्रमाणे आधीच पडला.

"मी कोपराच धरला हुता," बाळासो नंतर चहा पिताना सांगत होता. "पन ह्यो गडी आदीच आडवा! मग म्हनलं, मदनंच जाऊ द्या."

बॉल मधून गेला. सावकाश, छातीच्या उंचीनं, चन्नवीर जिथं उभा असता बरोबर तिथून.

तेवढ्यात मागून शेंगा विकणारी चंद्रव्वा ओरडली, "अगं बया, चन्नवीर नुसता हुबा ऱ्हायला असता तरी आडला असता की!"

मिलप्पानं विचारलं, "काय म्हणते ती?"

"ऊन फार आहे म्हणते."

"हे ऊन नऊही देशांत होतं," तो म्हणाला आणि पायानं पाडलेल्या धावेवर मटकन बसला. चार महिन्यांत पहिल्यांदा.

त्या एका गोलानं आम्ही हरलो. मिलप्पाचं दुसऱ्या दिवसाचं तिकीट होतं. ते त्यानं पुढं ढकललं. यात्रेच्या दिवशी गुडघा ओढत तो काठ्यांबरोबर चालला, चन्नवीरच्या डाव्या हाताला. एका वळणावर वाऱ्याचा झोत आला, काठी कलली, गर्दी मागं सरली.

"पडू नको!" मिलप्पा ओरडला. हे त्याला कोणी शिकवलं, मला माहीत नाही. "पडू नको!"

तीन बारीक पावलं, आणि काठी सरळ झाली. चन्नवीरनं मान न वळवता विचारलं, "सायेबानला सांगा, चार म्हैने काय वरडत व्हता मग?"

हेही मी भाषांतरित केलं नाही.

फेब्रुवारीत मोरावाकाठची जागा कप असलेल्या कुणाला तरी मिळाली. मिलप्पा त्याआधीच दहाव्या देशाला निघाला होता. गाडीची वेळ झाली तरी चार महिने तयार असलेली ती बॅग काही मिटेना. चंद्रव्वानं तिच्यात दोन शेर शेंगा कोंबल्या होत्या. शेवटी चन्नवीर तिच्यावर बसला, तेव्हा ती मिटली.