डावऱ्या हाताचं सारवण

रामराव गुरुजींना भाषण करता येत नसे, पण यादी झकास करता येई. एकसष्ट साली त्यांनी अशीच एक यादी भिंतीवर चिकटवली: दर शनिवारी वर्ग कुणी सारवायचा त्याची. तिसरी-चौथीच्या मिळून नऊ मुली, नऊ नावं. शेवटचं नाव प्रभावतीचं, उकंडाच्या पोरीचं. फुलसावंगीच्या अलीकडच्या त्या गावात बौद्धांची पोरं वर्गात सगळ्यांत मिसळून बसत, ती गुरुजींमुळेच. पण बसणं वेगळं आणि सारवणं वेगळं. ज्याचा हात जमिनीला लागतो, घर त्याचं होतं, असं गुरुजींचं म्हणणं. म्हणणं चांगलंच होतं. म्हणायला काय लागतं?

प्रभावतीची आई कांताबाई, तिने अर्धा जन्म लोकांची अंगणं बाहेरून झाडली. उंबऱ्याच्या आत तिचा हात कधी पोचला नाही. दीक्षा घेतल्यावर उकंडाने गावकीची कामंच सोडली, तेव्हा ते झाडणंही सुटलं. आता आपल्या घरचा हात शाळेची जमीन सारवणार, म्हणून तिने पोरीकडून स्वतःचं घर दोनदा सारवून घेतलं. पोर डावरी. गुरुजींच्या धाकाने लिहायची तेवढं उजव्या हाताने, बाकी सगळं डाव्याने.

तिची पाळी आली त्या शनिवारी शाळा सुटल्यावर तिने वर्ग असा सारवला की गुरुजी दारातच उभे राहिले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चार-चार बोटांच्या कमानी, एकीला एक लागून. आता हा वर्ग तुझा झाला, असं ते तिला म्हणाले.  पोर शेणाचा हात परकराला पुसून नुसती हसली आणि पळाली.

शाळा भरायची किसनरावांच्या कापसाच्या कोठ्यात, आणि शाळा समितीवरही किसनरावच. त्याच दुपारी ते गुरुजींच्या घरी आले. आवाज चढवणाऱ्यांतले ते नव्हते, केसाने गळा कापणाऱ्यांतले होते. पोरं बसू द्या, सरकारचा कायदा आहे, आपली ना नाही, म्हणाले. पण सारवण म्हणजे घरच्या लक्ष्मीचं काम, बायका कुरकुर करताहेत. सोमवारी साहेब शाळा तपासायला येणार, आणि त्या दिवशी वर्गात गावातलं एकही पोर दिसलं नाही तर शाळा राहील का, तुम्हीच बघा. मग सुपारी कातरत त्यांनी तोडही सांगितली.

"पोरीले काही बोलू नका. उद्या गुपचूप पुन्हा सारवून घ्या. शेनावर शेन, कोनाले कळते?"

गुरुजींनी नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात किसनरावांनी पान पुढे केलं, आणि त्यांनी ते खाल्लं.

रविवारी गुरुजींनी स्वतः पाणी वाहिलं, तेवढंच पुण्य. सारवायला बायको, विमलताई. ती दारात बादली ठेवून कितीतरी वेळ जमिनीकडे पाहत राहिली.

"इतकं साजरं सारवलं हाये पोरीनं," ती म्हणाली. "कायले मोडता?"

शाळा वाचवायची आहे, असं गुरुजी म्हणाले. तिने पदर खोचला आणि सारवायला बसली. 

शेणावर शेण कळत नाही, हे जन्मात कधी न सारवलेल्या पुरुषांचं शहाणपण. उजव्या हाताची कमान एका अंगाला वळते, डाव्या हाताची दुसऱ्या. सोमवारी प्रभावती उंबऱ्यावर थबकली, तिने खाली पाहिलं, मग आत येऊन आपल्या जागी बसली. गुरुजींनी हे पाहिलं आणि पाहिलंच नाही असं केलं.

साहेब आले. पोरं मिसळून बसलेली बघून खूश झाले, यादी वाचली, आणि या वेळी कुणाची पाळी होती ते विचारलं. इथे गुरुजींना गप्प राहता आलं असतं. पण कौतुकाची भूक फार वाईट. त्यांनी प्रभावतीला उभं केलं आणि हिनेच सारवला हा वर्ग, म्हणून सांगितलं.

"हे मी नाही सारवलं, साहेब," ती म्हणाली.

"लाजते," गुरुजी हसले.

साहेबही हसले. शेरेबुकात त्यांनी लिहिलं की या शाळेत प्रत्येक मुलाला शाळा आपली वाटते. गुरुजींनी ते दोनदा वाचलं. पोरीला चारचौघांत खोटं पाडल्याची लाज त्यांना वाटली, नाही असं नाही. पण वाटली ती शेरा वाचून झाल्यावर.

मंगळवारी प्रभावती काखेत पोत्याचा तुकडा घेऊन आली. बाकीची पोरं सारवलेल्या जमिनीवर फतकल मारून बसली होती. तिने भिंतीशी पोतं अंथरलं, चारी कोपरे नीट केले आणि त्यावर बसली. पाय पोत्याबाहेर जाऊ नयेत म्हणून तिने ते पोटाशी घेतले.  गुरुजी जवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले की सगळ्यांसारखी खाली बस बाळ, हा वर्ग तुझाही आहे.

गुरुजी बोलले की उभं राहायचं, हे त्यांनीच शिकवलेलं. ती उभी राहिली, पोत्यावरच.

"मी खाली बसली तं तुमाले पुन्हा सारवा लागन, गुरुजी."

वर्गात कुणी हसलं नाही. गुरुजी खुर्चीवर जाऊन बसले आणि हजेरी घेऊ लागले. तिचं नाव शेवटी आलं, तोवर ती पुन्हा बसली होती. पोत्यावर बसूनच ती हजर म्हणाली.